सासूपसंत

काही माणसांना देव तोंड देतो ते जेवायला, काहींना बोलायला. सासूबाईंना दिलं होतं ते नावं ठेवायला. डॉक्टरकडे गेल्या तर आधी त्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे सांगायच्या, मग स्वतःच्या गुडघ्याचं. घरात नवा पडदा लागला की तो एका बाजूनं दोन बोटं वर गेलाय हे त्यांना दारातूनच दिसे. आणि पंचाईत अशी, की टेप लावून पाहिलं तर तो खरंच दोन बोटं वर गेलेला असे. खोटी टीका माणूस झटकून टाकतो, खरी मात्र अंगाला चिकटते. म्हणून सगळे त्यांना जरा वचकूनच असत.

त्यांची कातडीही त्यांच्यासारखीच होती, काही म्हणून खपवून न घेणारी. घड्याळाचा नवा पट्टा बांधला की मनगट लाल. साबण बदलला की मान लाल. लिफ्टमध्ये कुणाचं अत्तर जोरात असलं, तर आपला मजला येईपर्यंत यांचे डोळे चुरचुरायला लागत.

अशा बाईच्या घरात सूनबाईनं क्रीमं करायला घेतली. आधी ती एका औषधांच्या दुकानात कामाला होती. ते दुकान बंद झाल्यावर घरी बसली, आणि घरी बसणं तिला मानवेना. एका बाईकडे वर्ग लावून ती साबण, केसांचं तेल, ओठांना लावायचं मलम असं एकेक शिकली आणि स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या ओट्यावर तिनं दुसरा संसार मांडला. छोटा वजनकाटा, थर्मामीटर, स्टीलची दोन भांडी आणि हातात धरायचा ब्लेंडर. एका भांड्यात तेल आणि मेण, दुसऱ्यात पाणी. दोन्ही सारखीच गरम झाली की एकात दुसरं ओतायचं आणि ब्लेंडर फिरवायचा. बघता बघता तेल आणि पाणी जन्माचं वैर विसरतात आणि भांड्यात पांढरंशुभ्र, लोण्यासारखं क्रीम तयार होतं. मग ते कोमट झालं की त्यात टिकायचं औषध आणि वासाचं तेल घालायचं. तेल-पाणी एक होताना पाहिलं की तिला दरवेळी हसू यायचं.

पण केलेलं क्रीम लावून बघायचं कुणाला? सूनबाईची स्वतःची कातडी गेंड्याची. नवरा मोटारींच्या काचा बसवायच्या दुकानात, त्याच्या हातांना डबाभर रंग फासला असता तरी कळलं नसतं. तेव्हा सासूबाई आपण होऊन पुढे झाल्या.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. "काय दिवे लावलेत ते बघू तरी."

कोपराच्या आतल्या बाजूला, जिथली कातडी मऊ असते, तिथे वाटाण्याएवढं क्रीम लावायचं, तिथे पाणी लागू द्यायचं नाही, आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बघायचं, अशी ती पद्धत. सासूबाईंनी हे काम अंगावर घेतलं ते न्यायाधीशाच्या थाटात. सकाळचा चहा झाला की खिडकीशी खुर्ची ओढायची, बाही दुमडायची, चष्मा लावायचा आणि निकाल द्यायचा. "चावत नाहीये. पण वास? फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की असा येतो." किंवा, "लाल झालंय बघ. माणसांना नको हे. दाराच्या बिजागरीला लाव, कधीची कुरकुरतेय." सूनबाई तोंड फुगवायची, पण भांडी पुन्हा गॅसवर चढवायची. आणि दुसऱ्यांदा केलेलं पहिल्यापेक्षा चांगलं निघायचं, हे तिलाही ठाऊक होतं.

धंद्याला नाव मिळालं तेही असंच. ओठांचं मलम ती पहिल्यांदा खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीकडे घेऊन गेली होती. शिवणवालीनं डबी उलटसुलट करून विचारलं, "तुमच्या सासूबाई काय म्हणाल्या?"

"काही बोलल्या नाहीत."

"काहीच बोलल्या नाहीत? त्या?" शिवणवालीनं कात्री खाली ठेवली. "मग मला दोन द्या!"

नवऱ्यानं हे ऐकलं आणि तो जेवता जेवता ठसका लागेस्तोवर हसला. त्यानंच नाव सुचवलं, 'सासूपसंत'. डब्यांवर तशी चिठ्ठी छापून आली. 'आमच्या सासूबाईंनी आधी लावून पाहिलेलं' हे खाली बारीक अक्षरांत. सासूबाईंनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "वेलांटी जरा तिरकी आलीय," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी ती डबी आपल्या उशाशी ठेवली होती, हे सूनबाईनं पाहिलं. बायकांनी नाव ऐकलं की आधी हसत, मग विकत घेत. जिला सासू आहे तिला त्या नावाची ताकद वेगळी सांगावी लागत नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं तिथपर्यंत.

मग मोठ्या रस्त्यावरच्या पार्लरवालीनं रात्री चेहऱ्याला लावायचं क्रीम मागितलं. तिची स्वतःची दोन पार्लरं होती, तिसरं निघायच्या बेतात होतं. तिन्हीकडे तिला हे क्रीम ठेवायचं होतं. सूनबाईनं नमुना नेला त्यात गवती चहाच्या पातीचं तेल होतं. पार्लरवालीनं डबी उघडली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हाच वास. हाच हवा. हा वास आला की बाईला वाटतं, आपण धुऊन निघालो."

तो वास सासूबाईंना मात्र मानवला नाही. दुसऱ्याच दिवशी कोपराजवळ लाल टिकली उठली. सूनबाईनं तेल कमी केलं, पुन्हा केलं. पुन्हा उठली. अजून कमी केलं, मेण बदललं, टिकायचं औषध बदललं. सासूबाई खिडकीशी बसून बाही दुमडत आणि तेच सांगत, "चावतंय गं. पातीचंच चावतंय. काढून टाक ते."

तेल काढलं असतं तर प्रश्न मिटला असता. हे सूनबाईला कळत नव्हतं असं नाही. पण वास गेला तर पार्लरवाली गेली, आणि पार्लरवाली गेली तर पुन्हा खालच्या मजल्यावर दोन-दोन डब्या विकत बसा. पार्लरवालीचा रोज फोन यायचा. रोज ती सांगायची, "होतंय, होतंय." माणूस एकदा हव्यासाला पेटला की जे खरं बोलतं त्याचाच त्याला राग यायला लागतो. सूनबाई काही जगावेगळी नव्हती.

एका सकाळी पुन्हा लाल टिकली निघाली. सासूबाई अंघोळीला गेल्या. सूनबाईनं भांडं मोरीत आदळलं आणि डबा भरून घेत असलेल्या नवऱ्यासमोर तिचा बांध फुटला.

"चावत-बिवत काही नाही! मुद्दाम खाजवत असतील. माझं काही धड झालेलं बघवतच नाही त्यांना. जन्म नावं ठेवण्यात गेला, आता माझ्या धंद्याला दृष्ट लावतायत. असली बाई घरात असल्यावर कुणाचं काय चांगलं व्हायचंय!"

"हळू बोल," नवरा म्हणाला.

"का हळू? अंघोळीला गेल्यात त्या."

नवरा डबा घेऊन गेला. सूनबाई फडकं घ्यायला दाराकडे वळली आणि जागीच थांबली. न्हाणीघरापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटलेली होती. टॉवेल विसरला असेल, ओल्या गाऊननिशी मागायला आल्या असतील. दाराशी त्यांच्या अंगावरचं पाणी ठिबकून छोटं थारोळं झालं होतं, म्हणजे त्या तिथे बराच वेळ उभ्या होत्या. तिथून पावलं मागे फिरली होती.

त्याच वेळी न्हाणीघराच्या दारावर टकटक करून "आई, चुकलं माझं" म्हणायला हवं होतं. चार पावलांचं अंतर होतं. तिनं काय केलं? तिनं फडकं घेतलं आणि फरशी पुसून टाकली.

सासूबाई बाहेर आल्या त्या रोजच्यासारख्याच. केस पुसले, चहा मागितला. चहा जरा पाणचट होता. काही बोलल्या नाहीत.

त्या दुपारी सूनबाईनं शेवटचं केलेलं क्रीम, पातीच्या तेलासकट, त्यांच्यापुढे धरलं. सासूबाईंनी बाही दुमडली, लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिडकीशी आल्या नाहीत. खोलीतूनच म्हणाल्या, "छान आहे. काही नाही झालं."

"दाखवा बघू."

"अगं, दाखवायचं काय त्यात? नाही चावत. छान झालंय या वेळी."

सूनबाई दारात उभी होती. एक पाऊल आत टाकलं असतं तर हात दिसला असता. तिनं टाकलं नाही. "बरं झालं बाई," असं म्हणून ती ओट्याशी आली आणि पार्लरवालीला फोन लावला. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण असं स्वतःलाच सांगावं लागलं की समजावं, खोकला गेलेला नाही.

डब्या गेल्या. पार्लरवालीनं त्या काउंटरवर मनोऱ्यासारख्या रचल्या आणि 'सासूबाई पास!' अशी पाटी लावली. घरात तर चमत्कारच सुरू झाला. केसांचं तेल केलं, सासूबाई म्हणाल्या छान. साबणाचा कोपरा तुटला, छान. पडदे धुवून पुन्हा लावले ते उलटे लागले, त्यावर अवाक्षर नाही. नवरा म्हणाला, "आई, तुला बरं नाहीये का? तीन दिवस झाले, तू कुणाला नाव ठेवलं नाहीस. डॉक्टरला बोलवू?" त्यावर सासूबाई हसल्या आणि सूनबाईही हसली. तिचं हसणं जरा लांबलंच.

आणि ते स्वेटर. बाहेर उकाडा मी म्हणत होता, पंखा फुल चालू असायचा आणि सासूबाई गाऊनवर पूर्ण बाह्यांचं राखाडी स्वेटर घालून बसलेल्या. "सांधे धरतात," असं त्यांनी एकदा सांगितलं. सूनबाईनं लगेच मान हलवली, "हो, पंख्याचं वारं बाधतं." इतक्या पटकन पटायला ती काही दूधखुळी नव्हती. धुण्यात त्या स्वेटरच्या उजव्या बाहीच्या आत पिवळट डाग होते, मलमाचे असतात तसे. तिनं ते हातानं चोळून काढले आणि स्वेटर उन्हात टाकलं. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, पण इथे सृष्टी दिवसातून दोनदा तिच्या हातून चहा घेत होती. कप घेताना सासूबाई डावा हात पुढे करायच्या. आधी कधी करत नसत.

रोज ती ठरवायची, आज विचारते. रोज काही ना काही काम निघायचं. कामं काय, काढली की निघतातच.

एक दिवस पार्लरवालीच दारात उभी राहिली. हातात मोबाइल, मागे तिची मदतनीस गोल दिवा घेऊन.

"कुठे आहेत आमच्या हिरॉईन?" ती आत येता येता म्हणाली. "ताई, सगळ्या बायका विचारतायत, खरंच सासूबाई आहेत का नुसतं नाव आहे. म्हटलं, एक छोटा व्हिडिओच करू. आईंनी बाही वर करायची, क्रीम लावायचं, एक वाक्य बोलायचं. बास."

सूनबाई पुढे झाली. "आज नको. त्यांना बरं नाहीये जरा."

"मी बरी आहे," सासूबाई खोलीतून बाहेर येत म्हणाल्या. त्यांनी केस विंचरले होते. "कुठे बसू?"

त्यांना खिडकीशी बसवलं, त्याच खुर्चीत. दिवा लागला. पार्लरवाली मोबाइलच्या पडद्यात डोळे घालून म्हणाली, "हां, आई, आता बाही वर."

"हात कशाला गं? हात दाखवून अवलक्षण! म्हातारीचा हात कोण बघणार?" सासूबाई हसत म्हणाल्या. "क्रीम तोंडाचं आहे ना? तोंडालाच लावते."

"वा! अजून छान!"

सासूबाईंनी डबी उघडली. दोन बोटांवर क्रीम घेतलं आणि हात गालाकडे नेला. हात वर जाताना स्वेटरची बाही ढिली होऊन कोपरापर्यंत घसरली.

कोपराच्या आतून मनगटाकडे उतरलेला लालभडक पट्टा सूनबाईला दिसला. कातडी सोलवटलेली, मध्ये मध्ये खपल्या, खपल्यांच्या कडेला नखांचे ओरखडे. पार्लरवाली चेहरा चौकटीत बसवण्यात गुंग होती. मदतनीस दिवा सांभाळत होती. पाहिलं ते फक्त सूनबाईनं. आणि सूनबाईनं पाहिलं हे सासूबाईंनी पाहिलं. त्यांचा हात गालापासून बोटभर अंतरावर थांबला. त्या सुनेकडे बघत राहिल्या. एक शब्द पुरे होता. "थांबा" म्हटलं असतं तरी झालं असतं.

सूनबाईच्या तोंडातून तो शब्द निघाला नाही. काउंटरवरचा मनोरा डोळ्यांपुढे आला, तिसरं पार्लर आलं, पार्लरवालीचा चेहरा आला. तेवढा क्षण गेला. आणि सासूबाईंनी, जणू उत्तर मिळालं, तसं क्रीम गालाला लावलं. नीट लावलं, गोल गोल, कपाळालाही थोडं.

"छान आहे," मोबाइलकडे बघून त्या म्हणाल्या. "मी सहसा कशाला छान म्हणत नाही."

पार्लरवालीनं टाळ्या वाजवल्या.

ती जिना उतरून जाते न जाते तोच सूनबाईनं ओलं फडकं आणलं आणि सासूबाईंचं तोंड पुसायला लागली. गाल आधीच तांबडे व्हायला लागले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि फडक्यातून पाणी गळत होतं, सासूबाईंचा गाऊन भिजला.

"हळू, हळू. कातडी काढतेस का माझी?" त्या म्हणाल्या.

"आई, का लावलंत? का सांगितलं नाहीत मला? हात बघा काय झालाय!"

"सांगत होते ना पहिल्यांदा."

सूनबाईचा हात थांबला. ती खाली फरशीवरच बसली. "त्या दिवशी तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली. "मला माहीत होतं तुम्ही ऐकलंत. पाणी मीच पुसलं."

सासूबाई बोलल्या ते रागानं नाही, आणि तेच सूनबाईला सोसेना.

"मला आधी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मग विचार करत बसले. म्हटलं, खरंच असेल. जन्मभर मी नावंच ठेवली की लोकांना. याचं हे वाकडं, त्याचं ते वाकडं. कदाचित माझ्याच मनात वाकडं असेल, आणि तेच अंगावर उठत असेल. मन साफ ठेवून लावलं तर नाही चावणार. म्हणून रोज लावत होते. तुझ्या डबीतलं थोडं थोडं. वाटायचं, आज नाही चावणार."

"रोज?"

"चावायचंच मेलं. म्हणजे मनात असणारच ना काहीतरी."

सूनबाईनं त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. "तुमच्या मनात काही नाही हो, आई. पातीचं तेल आहे ते. तुम्ही म्हणालात तेच होतं. पहिल्या दिवसापासून तेच होतं. मीच बोलले वेड्यासारखी. मला माफ करा." हे सगळं ती बोलली, आणि मनापासून बोलली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे गं. माझ्या म्हाताऱ्या कातडीचं काय एवढं," त्या म्हणाल्या. सूनबाईला वाटलं, यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

नवऱ्याला फोन करून तिनं आईला डॉक्टरकडे न्यायला सांगितलं आणि स्वतः रिकामी पिशवी घेऊन तडक पार्लरमध्ये गेली. पार्लरवाली खुर्चीत बसून तोच व्हिडिओ बघत होती.

"तो लावू नका कुठे," सूनबाई म्हणाली. "आणि डब्या परत द्या. सगळ्या."

"काय झालं?"

तिनं सांगितलं. हात सांगितला, स्वेटर सांगितलं. पार्लरवालीचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे आत्ता, मी शूटिंग करत होते तेव्हा... तुम्ही बघितलं होतंत?"

"हो."

"आणि बोलला नाहीत?"

"नाही."

पार्लरवाली भडकली नाही. भडकायलाही स्वतःची बाजू भक्कम लागते. तिनं कपाळाला हात लावला. "दोघीजणी आल्या होत्या तक्रार घेऊन," ती हळूच म्हणाली. "एकीच्या पापण्या सुजल्या होत्या. मी म्हटलं, अहो, ते फार खोडकाढ्या सासूबाईंना चाललंय, तुम्हाला कसं नाही चालणार? तुम्हीच दुसरं काहीतरी लावलं असेल. तर ती बिचारी म्हणाली, हो, माझंच काही असेल. आणि अजून एक डबी घेऊन गेली."

एका घरातल्या म्हातारीला सूनबाईनं आपल्या कातडीवर शंका घ्यायला शिकवलं होतं, आणि ते शिक्षण डब्यांत भरून गावभर गेलं होतं. दोघींनी मिळून, जिचा जिचा नंबर होता तिला फोन केले. सुजलेल्या पापण्यांच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं? अहो, मी तर चादरी बदलल्या, उशी टाकून दिली." सूनबाईनं तिची माफी मागितली. डॉक्टरकडे जायला सांगितलं. फोन ठेवल्यावर पार्लरवालीनं काउंटरवरची पाटी काढून उलटी ठेवली. पुन्हा काही मागवते असं ती म्हणाली नाही, आणि सूनबाईनं विचारलंही नाही.

डब्यांतलं सगळं क्रीम तिनं खरवडून फेकलं. डॉक्टरनं मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि हाताला यापुढे काहीही लावायचं नाही अशी ताकीद दिली. खपल्या धरल्या, पडल्या, खाली नवी गुलाबी कातडी आली. स्वेटर कपाटात गेलं. सूनबाई पुन्हा ओठांचं मलम आणि साधं तेल एवढंच करायला लागली, बिनवासाचं, चिठ्ठीवरचं नाव काढून. घर वरवर तरी जागेवर आलं. नवरा थट्टा करायचा, सासूबाई हसायच्या.

पण दाराची बिजागरी कुरकुरत होती आणि कुणी काही म्हणत नव्हतं. दूधवाल्यानं दूध उशिरा आणलं, कुणी काही म्हणालं नाही. सूनबाई मुद्दाम विचारायची, "आई, हा रंग कसा दिसतो? जरा भडक आहे ना?" सासूबाई म्हणायच्या, "छान दिसतो." ती म्हणायची, "खरं सांगा." त्या म्हणायच्या, "खरंच छान." माफी मागितली होती, माफी मिळालीही होती. तरी घरातलं काहीतरी कायमचं मोडलं होतं, आणि ते कुठे जोडायचं हे तिला कळत नव्हतं.

एका रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली. सूनबाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, कुणाचा तरी फोन आला होता मध्येच, आणि भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अगं, समुद्रातनं काढलीस का काय ही?"

तिनं चाखून पाहिली. जिभेवर ठरेना, इतकी खारट. ती झटकन सासूबाईंच्या ताटाकडे वळली. ताटातली भाजी संपत आली होती. त्या शांतपणे खात होत्या, घासामागून घास, आणि मध्ये मध्ये पाणी पीत होत्या.

"आई, ठेवा ते! खाऊ नका. केवढी खारट झालीय!"

सासूबाई थांबल्या. त्यांनी भाजीकडे पाहिलं नाही. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काय म्हणायला हवंय ते शोधत असल्यासारखं.

"मला छान लागली की."

"खारट आहे हो, आई." सूनबाई काकुळतीला आली. "म्हणा ना खारट आहे. एकदा म्हणा."

"असेल गं," सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या होत म्हणाल्या. "तू म्हणतेस तर असेल. मला काय कळतंय."